ओझं, चढ आणि सीसी

जुन्या पिकअपच्या बाजारात ग्राहकाचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा सीसीचा. दीड लिटरवाली घेऊ की अडीच? छोटा हत्ती पुरेल, की सरळ बोलेरोच घ्यावी? प्रश्न रास्त आहे, कारण इथे गणित चुकलं तर ते रोज भोगावं लागतं. इंजिन कमी पडलं तर घाटात गाडी तापते, क्लच जळतो, माल वेळेवर पोचत नाही. गरजेपेक्षा मोठं झालं तर डिझेलचा आणि हप्त्याचा भुर्दंड बसतो. पण नुसता सीसीचा आकडा बघून हा प्रश्न सुटत नाही. नव्या गाडीची ताकद कंपनीने छापलेली असते. जुन्या गाडीत त्या छापील ताकदीतून आधीच्या मालकाने किती खर्ची घातली ते वजा करावं लागतं, आणि ती वजाबाकी आरसी बुकात लिहिलेली नसते. ती गाडीच्या अंगावर वाचावी लागते.

आधी सीसीचंच पाहू. पिस्टन सिलिंडरमध्ये वरून खाली सरकताना जेवढी जागा मोकळी करतो, त्या जागेचं माप म्हणजे सीसी. टाटा मोटर्सने मे २००५ मध्ये एस, म्हणजेच छोटा हत्ती, बाजारात आणली, तेव्हा तीनचाकी टेम्पो आणि ट्रक यांच्या मधल्या जागेत धड चारचाकी गाडी नव्हती. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या पुण्यातल्या चमूने तिच्यासाठी इंडिका मोटारीचं चार सिलिंडरचं १,४०५ सीसीचं डिझेल इंजिन घेतलं आणि ते अक्षरशः अर्धं केलं. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७९.५ मिलिमीटर. एका सिलिंडरची जागा भरते सुमारे ३५१ घन सेंटिमीटर, दोन सिलिंडरची ७०२. त्या इंजिनातून १६ अश्वशक्ती मिळायची आणि कागदावर गाडी पाऊण टन माल वाहायची. पुढे लोकांनी तिच्यावर काय काय लादलं ते आपण रस्त्यावर पाहतोच.

आता याच कंपनीची इंट्रा व्ही १० बघा. तिचंही इंजिन दोन सिलिंडरचंच, ७९८ सीसीचं. पण त्याला टर्बो आहे आणि डिझेलची फवारणी कॉमन रेल पद्धतीने, खूप जास्त दाबाने होते. बीएस-६ प्रदूषण निकषाच्या गाडीत त्यातून ४४ अश्वशक्ती मिळतात. सीसी वाढले १४ टक्क्यांनी, ताकद वाढली पावणेतीनपट. टर्बो धुराच्या वेगावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. जास्त हवा आली की जास्त डिझेल जाळता येतं. म्हणजे जागा तेवढीच राहिली तरी त्या जागेत होणारं काम वाढतं. याहून चांगलं उदाहरण त्याच घराण्यात सापडतं. इंट्रा व्ही ३० आणि व्ही ५० या दोन्ही गाड्यांचं इंजिन १,४९६ सीसीचंच. व्ही ३० जेव्हा आली तेव्हा तिची कमाल पिळणशक्ती, म्हणजे टॉर्क, १४० न्यूटन-मीटर होती. व्ही ५० ची २२०. आरसी बुकातला सीसीचा रकाना दोन्हींसाठी सारखाच. म्हणून 'दीड लिटरची गाडी आहे' एवढं ऐकून भाव ठरवायचा नसतो. कुठलं मॉडेल, कुठल्या सालचं, कुठल्या प्रदूषण निकषाचं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पिकअप चालवणारे टॉर्कला 'ओढ' म्हणतात आणि तो शब्द अगदी नेमका आहे. अश्वशक्ती सांगते की गाडी एकूण किती वेगाने काम उरकेल. ओढ सांगते की हाताखालचं ओझं जागचं हलवायला इंजिनाला किती फिरावं लागेल. इथे जुन्या बाजारातली सगळ्यात जास्त विचारली जाणारी तुलना समोर ठेवू: बोलेरो पिकअप आणि इंट्रा व्ही ३०. बीएस-६ बोलेरो पिकअपचं इंजिन २,५२३ सीसीचं, ताकद ७५ अश्वशक्तीच्या आसपास. व्ही ३० ची ७०. कागदावर जवळजवळ बरोबरी. पण बोलेरोची सुमारे २०० न्यूटन-मीटरची ओढ मिनिटाला १,४०० फेऱ्यांपासूनच हाताशी असते. व्ही ३० ची १४० ची ओढ १,८०० फेऱ्यांच्या पुढे पूर्ण मिळते.

हा फरक आकड्यांत छोटा दिसतो, तो पाहायचा तर पहाटेच्या भाजी मार्केटात जावं. भरलेली गाडी दोन गाड्यांच्या मधून, किंचित चढाच्या गल्लीतून, पुढचा हमाल बाजूला झाला की चार हात सरकवायची, पुन्हा थांबायचं, पुन्हा सरकवायची. बोलेरोचा ड्रायव्हर क्लच सोडतो आणि गाडी जेमतेम ॲक्सिलरेटरवर चालू लागते. छोट्या इंजिनाच्या ड्रायव्हरला आधी इंजिन फिरवून घ्यावं लागतं, मग हाफ क्लचवर गाडी उचलावी लागते. १,५०० फेऱ्यांना मोठं इंजिन जवळपास ४२ अश्वशक्ती देऊ शकतं. छोटं त्याच फेऱ्यांना तिशीच्याही खाली असतं. तो फरक भरून काढायचं काम क्लच प्लेट करते, स्वतः झिजून. अशा कामातून आलेल्या दीड लिटरच्या गाडीत क्लचचं काम निघालं तर नवल वाटून घेऊ नका.

पण छोटं इंजिन म्हणजे दुबळी गाडी, असंही नाही. चाकापर्यंत जी ओढ पोचते ती इंजिनाची ओढ, गिअर आणि मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण यांच्या गुणाकारातून येते. सायकलवर चढ आला की आपण हलका गिअर टाकून पाय जास्त वेळा मारतो, तसं छोट्या इंजिनाच्या गाडीत गिअरचं प्रमाण असं ठेवतात की इंजिन जास्त फिरेल आणि चाकाला पुरेशी ओढ मिळेल. गाडी चढते. फक्त तेवढाच रस्ता कापायला पिस्टन जास्त वेळा वर-खाली होतात, रिंगा जास्त घासतात, ऑइल जास्त तापतं. सर्व्हिस वेळेवर झाली तर यात काही बिघडत नाही. जुन्या गाडीत सगळा प्रश्न या 'तर'चा असतो.

घाटाचं गणित एकदा कागदावर करून बघण्यासारखं आहे. शंभर मीटरला आठ मीटर चढणारा रस्ता धरू. घाटातल्या अवघड टप्प्यांवर असा चढ लागतो. पहिल्या पिढीची एस, गाडी आणि माल मिळून १,५५० किलो. हे वजन त्या चढावर वर ढकलायला, टायरचं घर्षण धरून, सुमारे १,४०० न्यूटनचा जोर लागतो. १६ अश्वशक्तीतला थोडा भाग गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जातो, उरतात साडेतेरा. त्यात गाडी जास्तीत जास्त ताशी २६ किलोमीटरने चढेल, तेही पाय शेवटपर्यंत दाबून. आता तिच्यावर पाऊण टनाऐवजी दीड टन भरा, जसे अनेक जण भरतात. एकूण वजन २,३०० किलो, वेग साडेसतरावर येतो. घाट तोच, पण इंजिन दीडपट वेळ पूर्ण ताकदीवर राबतं, आणि गाडीचा वेग कमी असल्याने रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. इंजिन तापतं ते इथे.

हेच गणित ७० अश्वशक्तीच्या व्ही ३० साठी करू. गाडी आणि माल मिळून २,५६५ किलो, तोच चढ, ताशी ३० चा वेग. लागतात जेमतेम ३० अश्वशक्ती. अर्ध्याहून कमी ताकदीत गाडी वर जाते. इंजिनाचं आयुष्य या फरकात दडलेलं असतं. रोज पूर्ण ताकदीवर राबणारं आणि रोज निम्म्या ताकदीवर राबणारं, अशी दोन इंजिनं लाखभर किलोमीटरनंतर सारखी राहत नाहीत, मग मीटरवरचा आकडा सारखा का असेना.

उंचीचाही परिणाम होतो. महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १,३५० मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १२ टक्के विरळ असते. टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच कमी हवा ओढतं आणि तितकी ताकद गमावतं. टर्बो असलेलं इंजिन ही तूट बरीचशी भरून काढतं. आंबेनळी किंवा पसरणी घाटात नेहमीचं काम असेल तर जुन्या, बिनटर्बोच्या दोन सिलिंडरच्या गाडीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साताऱ्यात किंवा लातुरात सपाटीवर पाण्याचे जार पोचवायचे असतील तर तीच गाडी आजही उत्तम.

पण चढाच्या आधी एक गोष्ट तपासायची असते आणि ती बहुधा राहून जाते: तुमचा माल घाट चढतो की उतरतो? जुन्नर तालुक्याचं उदाहरण घ्या. नारायणगावचा टोमॅटो मुंबईकडे निघाला की ओतूर, माळशेज, मुरबाड करत कल्याणला उतरतो. गाडी भरलेली असते ती उतारावर. वर येताना हौद्यात रिकामी क्रेट. या फेरीत इंजिनाच्या ओढीपेक्षा ब्रेक महत्त्वाचे. तीन टनांची गाडी सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिने पंचावन्न लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. ती सगळी ब्रेक लायनरवर टाकली तर लायनर जळतात आणि पेडल खाली जातं. अर्धा भार इंजिनावर टाकायचा तर खालच्या गिअरमध्ये उतरावं लागतं, आणि तिथे मोठ्या सीसीचं इंजिन गाडीला अधिक घट्ट धरून ठेवतं. मोठ्या इंजिनाचा हा फायदा जाहिरातीत कुणी सांगत नाही.

रत्नागिरीच्या हापूसचा प्रवास याच्या बरोब्बर उलटा. साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर चिपळूणवरून कुंभार्ली चढून कराड. माल भरलेला, चढ उभा आणि दिवस एप्रिल-मेचे. इथे मात्र ओढ लागते, आणि तापमानाचा काटा शांत राहील एवढं राखीव बळ लागतं. दोन्ही धंदे शेतमालाचेच, दोन्ही गाड्या पिकअपच. तरी नारायणगावच्या शेतकऱ्याला दीड लिटरची, ब्रेक नीट असलेली गाडी पुरेल तिथे रत्नागिरीच्या बागायतदाराने अडीच लिटरचीच बघावी. शेजाऱ्याने घेतली म्हणून तीच घेणं किती महागात पडू शकतं, ते यावरून कळावं.

मालाचं वजन मोजायलाही आपण कंटाळतो. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वीस किलो माल, वर क्रेटचं वजन. तेराशे किलोच्या गाडीत साठ क्रेट झाली की कागदावरची मर्यादा संपते. शंभर भरली की दोन टन पार. उलट पाव-बिस्किटं, फरसाण, थर्माकोल, रिकामे डबे यांचं वजन किरकोळ असतं, जागा मात्र खूप लागते. अशा धंद्याला हौद्याची लांबी हवी, ओढ नको. माझ्या मते नेहमीचं ओझं गाडीच्या मर्यादेच्या चार-पंचमांशावर बसेल अशी गाडी घ्यावी. उरलेला पाचवा हिस्सा सणासुदीला, खराब रस्त्याला आणि इंजिनाच्या वयाला राखून ठेवावा.

मोठं इंजिन घेतलं की चिंता मिटली, हा समज बीएस-६ नंतर आणखी धोक्याचा झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करणारी यंत्रणा बरीच वाढली. अनेक गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला मेकॅनिक डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून जाळी मोकळी व्हायची तर धूर बराच वेळ चांगला गरम राहावा लागतो. अडीच लिटरचं इंजिन अर्ध्या रिकाम्या गाडीला घेऊन दिवसभर शहरातल्या शहरात फिरलं, दर चौकात थांबलं, दर दुकानापुढे बंद-चालू झालं, तर ते नीट तापतच नाही. जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन स्वतःची ताकद कमी करून घेतं आणि ते काम खर्चाचं असतं. शहरातल्या हलक्या वाटपासाठी लहान डिझेल बरं, आणि त्याहूनही बरं लहान पेट्रोल किंवा सीएनजी. मारुतीच्या सुपर कॅरीचं ७९३ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल २०१६ मध्ये आलं आणि बीएस-६ बरोबर गेलं. आता ती गाडी १.२ लिटरच्या पेट्रोल-सीएनजी इंजिनावर चालते. सीएनजीवर ताकद दहा टक्क्यांच्या आसपास कमी मिळते, पण गल्लीबोळात ती उणीव जाणवत नाही. सीएनजीची जुनी गाडी घेताना टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, ते टाकीवरच्या पट्टीवर आणि प्रमाणपत्रावर बघावं.

ॲव्हरेजबद्दल एवढंच सांगतो की छोट्या इंजिनाची बचत रिकाम्या किंवा हलक्या गाडीत दिसते. ओझं पूर्ण भरलं आणि घाट लागला की दोन्ही इंजिनांना तेवढंच काम करायचं असतं, आणि बचतीचा फरक आटतो. मर्यादेपलीकडे भरलेलं छोटं इंजिन तर मोठ्यापेक्षा जास्त पिऊ शकतं.

आता वजाबाकीकडे वळू. गाडी बघायला जाताना मेकॅनिक सोबत न्यावा, पण स्वतःही खाली वाकून बघावं. पहिल्यांदा मागचे पाटे मोजा. कंपनीचे किती होते ते त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत बघून ठेवलेलं असावं. एखादा पाटा इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचा, यू-बोल्ट नेहमीपेक्षा लांब आणि नवा, पाट्याच्या टोकाला जिथे शॅकल चासीला अडकतो तिथे वेल्डिंगची जाड रेघ आणि त्यावर ताजा काळा रंग: हे तिन्ही एकत्र दिसलं की त्या गाडीने काय वाहिलं ते कळलं. विकणारा हे लपवत नाही, उलट अभिमानाने सांगतो, 'पाटे वाढवलेत, शेठ, दोन टन आरामात जातं.' पाटे दोन टन पेलतात हे खरं. पण इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक त्यांनी वाढवलेले नसतात. पाटे वाढवलेली दीड लिटरची गाडी म्हणजे वर्षानुवर्षं पूर्ण ताकदीवर राबलेलं इंजिन, असं धरूनच पुढे बघावं.

मग बॉनेट, किंवा छोट्या हत्तीसारख्या गाडीत सीटखालचं झाकण. गाडी सकाळी, थंड असतानाच बघायची, आणि आपण पोचण्याआधी ती चालू करू नये असं आदल्या दिवशी बजावून ठेवायचं. बॉनेटवर हात ठेवून गाडी गरम लागली तर दुसऱ्या दिवशी यावं. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला धरलं पाहिजे. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन विरला तर ठीक; निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतं आहे; ॲक्सिलरेटर देताच काळा धूर भसकन आला तर इंजेक्टर किंवा हवेच्या वाटेत गडबड आहे. इंजिन चांगलं तापल्यावर ते चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण फिरवून सैल करायचं आणि त्या तोंडावर उलटं नुसतं ठेवायचं. झाकण किंचित थरथरलं तर चालतं. ते उडून पडलं, किंवा तोंडातून ठोक्यागणिक धुराचे भपकारे आले, तर रिंगा आणि बोअर गेले आहेत, ज्वलनाचा दाब पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आहे. असं इंजिन कागदावर ७० अश्वशक्तीचं असलं तरी घाटात ७० देणार नाही. दीड लिटरचं तंदुरुस्त इंजिन अशा अडीच लिटरच्या इंजिनापेक्षा कधीही चांगलं.

कूलंटची बाटली इंजिन थंड असतानाच उघडावी. आत तेलकट तवंग किंवा गंजकं पाणी दिसलं तर इंजिन कधीतरी तापलेलं आहे, हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढून आत बोट फिरवावं. हलका तेलकट ओलावा असतोच. ऑइल थेंबांनी गळत असेल तर टर्बोचं सील गेलं असण्याची शक्यता आहे. टर्बोच्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललं होतं का, याची बिलं मागावीत. टर्बोच्या बेअरिंगला ऑइलच वाचवतं, आणि धंद्याच्या गाडीत ऑइल बदलणं 'पुढच्या महिन्यात' ढकललं जातं. दोन सिलिंडरच्या इंजिनाला थरथर जास्त असते, म्हणून त्याची माउंटिंग आणि सायलेन्सरचे कंस तडकलेत का तेही बघावं.

'इंजिन बांधलंय' असं विकणारा सांगतो तेव्हा बिल मागावं. बोअरिंग झालं, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या, क्रँक घासला, काय काय झालं आणि कोणी केलं, हे त्यात असतं. बिल नसेल तर बांधलेलं इंजिन हा शब्द भावात धरू नये. इथे जुन्या आणि नव्या इंजिनांचा मोठा फरक आहे. जुन्या पद्धतीचा यांत्रिक डिझेल पंप तालुक्याच्या गावातला अनुभवी मेकॅनिक उघडून दुरुस्त करू शकतो. कॉमन रेलचे इंजेक्टर तपासायला वेगळं यंत्र लागतं, ते जिल्ह्याच्या ठिकाणी असतं आणि सुटा भाग महाग. मेळघाटात किंवा गडचिरोलीत गाडी चालवायची असेल तर जवळच्या जाणत्या मेकॅनिकचा कुठल्या इंजिनावर हात बसलेला आहे, हा प्रश्न सीसीच्या आधी येतो.

कागदपत्रांत इंजिनाशी जोडलेली दोन-तीनच कलमं आहेत. आरसीवर गाडीचं मोकळं वजन आणि एकूण वजन असतं. दोन्हींतला फरक म्हणजे कायद्याने मान्य केलेलं ओझं. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. मोठ्या इंजिनाची, जास्त ओझ्याची गाडी ही रेषा ओलांडते का ते बघून घ्यावं. जादा माल सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. थर्ड पार्टी विम्याला मात्र इंजिनाच्या आकाराने फरक पडत नाही, ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्या एकाच टप्प्यात येतात. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. आठ वर्षांच्या जवळ आलेली गाडी घेत असाल तर हा खर्च आणि खाडा दोन्ही हिशेबात धरा.

शेवटची परीक्षा रस्त्यावर, आणि ती रिकाम्या गाडीने घेऊ नये. रिकामी गाडी कुठलीही पळते. विकणाऱ्याला आधीच सांगावं की खतांची पोती किंवा विटा भरून, निदान टनभर माल टाकून गाडी चालवून बघणार, आणि डिझेल आपण भरणार. जवळच्या चढावर न्यावी. अर्ध्या चढावर पूर्ण थांबवून, हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये पुन्हा उचलावी. इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी जागची हलत नाही, जळका वास येतो, तर क्लच संपला आहे. गाडी उचलते पण दुसरा गिअर टाकताच पडते, तर ओढ गेली आहे किंवा टर्बो भरत नाही. मागून घरघर वाढली तर डिफरन्शियलमधले क्राऊन-पिनियन झिजलेत. चढ संपेपर्यंत नजर तापमानाच्या काट्यावर ठेवावी आणि वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवून काटा खाली येतो का बघावं. मग त्याच चढावरून दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, उतरून बघावं की इंजिन गाडीला किती धरतं.

दोन्ही आकाराच्या इंजिनांच्या गाड्या विचारात असतील तर दोन्ही याच चढावर, तेवढ्याच पोत्यांसह न्याव्यात. छोटीने चढ ओढीने काढला, काटा जागचा हलला नाही, खाली पाटे कंपनीचेच आहेत आणि तुमचा माल तिच्या मर्यादेत बसतो, तर मोठीसाठी जादा पैसे देण्याचं कारण उरत नाही. वाचलेल्या पैशांत चार टायर, ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट येते. छोटी चढावर धापा टाकते आणि मोठी सहज निघते, तर मोठीचं ऑइलचं झाकण उलटं ठेवून बघायचं राहिलं नाही ना, एवढं पक्कं करून भावाला बसावं.